सखी, गडी आणि 'फ्रेंड' : सोबतवाचक शब्दांच्या अर्थपालटाचा विचार

१

मराठीच्या ऱ्हासाची चर्चा निघाली म्हणजे जे शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात हटकून उभे केले जातात त्यांत 'फ्रेंड' हा एक होय. अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयीन तरुण 'मित्र' म्हणावयाचे तेथे 'फ्रेंड' म्हणतो, 'मैत्रीण' हा शब्द उच्चारताना अडखळतो, आणि त्यामुळे सखा, सोबती, सवंगडी, जिवलग ह्या शब्दांमागील जिव्हाळाच आटून गेला, असा ह्या तक्रारीचा आशय असतो. तक्रार प्रामाणिक आहे. परंतु ती दोन गृहीतांवर उभी आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ मूळचाच उथळ आहे हे एक, आणि मराठी शब्दांचा अर्थ मूळचाच सखोल व अचल आहे हे दुसरे. ही दोन्ही गृहीते शब्दांच्या इतिहासासमोर टिकत नाहीत. ती ज्या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करतात, ती मात्र अभ्यासकाने नीट पाहण्याजोगी आहे.

२

प्रथम इंग्रजीचा विचार करणे इष्ट होय. 'फ्रेंड' हा शब्द 'प्रेम करणे' ह्या अर्थाच्या प्राचीन धातूचे वर्तमानकालवाचक कृदन्त आहे. म्हणजे त्याचा मूळ अर्थ 'प्रेम करणारा' एवढाच. जुन्या इंग्रजीत तो आप्ताला, रक्ताच्या नातेवाइकालाही लागू पडे. स्कँडिनेव्हियन भाषांतील त्याच्या भावंड-शब्दांत आप्त हाच अर्थ स्थिरावला. सतराव्या शतकात एका धर्मपंथाने तो आपले नाव म्हणून स्वीकारला. २००४ साली फेसबुक सुरू झाल्यावर तो एका कळीवर लिहिला गेला, आणि २००९ साली एका अमेरिकी ऑक्सफर्ड कोशाने 'अनफ्रेंड' ह्या क्रियापदास वर्षाचा शब्द ठरविले. उलटपक्षी 'लव्हर' हा शब्द शेक्सपिअरच्या काळी निखळ स्नेह्यालाही लावता येत असे; पुढे तो प्रणयापुरताच उरला. 'गर्लफ्रेंड' हा शब्द स्त्रीच्या मैत्रिणीस उद्देशून योजला जाई. पुढे त्यात पुरुषाची प्रेयसी हा अर्थ शिरून तोच मुख्य झाला.

इतर शब्दांची कुळकथा ह्याहून बोलकी आहे. 'कंपॅनियन' म्हणजे एका भाकरीचा वाटेकरी. 'कॉम्रेड' म्हणजे एका खोलीत राहणारा. तो स्पॅनिशमधून आला. 'मेट' म्हणजे एका अन्नाचा भागीदार. 'फेलो' हा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ समाईक धंद्यात पैसा घालणारा असा होता. 'गॉसिप' हा मूळचा धर्मपालकाचा, म्हणजे बाप्तिस्म्याने जोडलेल्या नात्याचा वाचक. त्यातून तो जवळच्या सोबतिणीकडे, तिच्याकडून तिच्या बडबडीकडे आणि अखेर कुचाळकीकडे गेला.

ह्या यादीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सोबतीचे शब्द भावनेतून क्वचितच जन्मतात. ते भाकरी, खोली, भांडवल अशा प्रत्यक्ष सहभागातून जन्मतात. दुसरे असे की, सहभागाचे स्वरूप पालटले की शब्दही आपली जागा सोडतो. 'फेलो'ची गती पाहावी. भागीदार, मग सोबती, मग कोणीही एक इसम, आणि दुसऱ्या फाट्यावर विद्यापीठातील पदधारक. एकाच शब्दाने एकीकडे घसरावे आणि दुसरीकडे प्रतिष्ठा मिळवावी, ह्यात भाषेचा दोष नाही. समाजव्यवहाराचा तो हिशेब आहे.

३

हाच हिशेब मराठीत मांडून पाहावा. 'फेलो'शी सर्वांत जवळचा मराठी शब्द 'गडी' हा होय. हुतूतूच्या मैदानात 'गडी बाद झाला' असे म्हणतात तेव्हा गडी म्हणजे डावातील भागीदार. 'गड्या' अशी हाक मारली म्हणजे तो जिवाभावाचा सोबती. 'गडीमाणूस' म्हटले की कोणीही पुरुष. आणि 'सालगडी' म्हटले की वर्षभराच्या कराराने शेतात राबणारा मजूर. वऱ्हाडात हे करार पाडव्याच्या सुमारास ठरत, आणि साल संपले की मालक व गडी दोघेही मोकळे होत. शब्द एकच, परंतु संबोधनात तो समानतेचा, आणि पगाराच्या बोलीत तो विषमतेचा वाचक आहे. मालक सालगड्याला 'गडी' म्हणतो, सालगडी मालकाला तसे म्हणू शकत नाही. डावात मात्र कोणीही कोणालाही गडी म्हणतो. शब्दार्थाचा हा भेद शब्दात नाही. कोण कोणास बोलतो ह्यात आहे.

'सखी' ह्या शब्दाची वाट ह्याहून लांब आहे. संस्कृत 'सखी'चे प्राकृतात 'सही' झाले. हालाच्या गाथासप्तशतीतील कितीतरी उद्गार ह्या सहीला उद्देशून आहेत. पुढे महाप्राणाचा उरलेला अंशही गळून 'सई' हे रूप सिद्ध झाले, आणि त्याचे अनेकवचन 'सया' जात्यावरच्या ओव्यांत रुजले. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाई बसवितात. त्या फेरात जमणाऱ्या मुलींचे परस्परांशी जे नाते असते ते ह्याच शब्दाच्या कक्षेतले. तत्सम 'सखी' मात्र भावगीतातून प्रेयसीकडे वळली. आणि आता तिचा तिसरा जन्म चालू आहे. ग्रामीण जीवनोन्नतीच्या सरकारी योजनेत 'कृषी सखी', 'पशू सखी', 'बँक सखी' ही पदनामे आहेत. महिला कर्मचाऱ्यांनी चालविलेल्या मतदान केंद्रालाही 'सखी' हे नाव मिळाले आहे. भाऊबंदकीच्या घरात दुपारी जिच्याजवळ मन मोकळे करावयाचे ती सई, आणि मानधनावर खाते उघडून देणारी ती सखी. 'फेलो'ला विद्यापीठाने जे केले तेच येथे शासनाने केले.

'मित्र' हा शब्दही स्थिर राहिलेला नाही. 'सर्पमित्र', 'पक्षिमित्र', 'आरोग्यमित्र', 'पोलीस मित्र' ह्या समासांत तो कर्तव्यवाचक उत्तरपद बनला आहे. सापाच्या बाजूने ही मैत्री उलट फिरत नाही, हे उघडच आहे. 'मित्रपक्ष' ह्या शब्दात तो निवडणुकीच्या गणिताचा भाग आहे. आणि चौकाचौकांतील शुभेच्छाफलकांवर जो 'समस्त मित्रपरिवार' असतो, तो बहुधा एका नेत्याचा अनुयायीवर्ग असतो. ह्यांपैकी एकाही अर्थपालटाचे पाप इंग्रजीच्या माथी मारता येणार नाही.

'सोयरा' ह्या शब्दाचे उदाहरण तर शब्दार्थावर केवढे ओझे येऊ शकते हे दाखविणारे आहे. तुकोबांच्या वाणीत ह्या नात्याची व्याप्ती रानातील झाडाझुडपांपर्यंत पोचते. व्यवहारात मात्र 'सोयरीक' म्हणजे विवाहसंबंध एवढाच अर्थ उरला. २६ जानेवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने कुणबी प्रमाणपत्रांसंबंधी प्रसिद्ध केलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात 'सगेसोयरे' ह्या जोडशब्दाची व्याख्या करावी लागली, आणि ह्या व्याख्येत कोण बसतो व कोण बसत नाही ह्यावरून राज्यभर वाद झाला. ज्यांना अर्थविचार हा निरुपद्रवी कोशकारांचा छंद वाटतो त्यांनी हे उदाहरण विसरू नये.

४

आता मूळ तक्रारीकडे वळता येईल. वऱ्हाडातील तरुण 'फ्रेंड' का म्हणतो? त्याच्याजवळ शब्दांची वाण नाही. दीर्घ काळ इमादशाही, निजामशाही, मोगल आणि निजाम ह्यांच्या अमलाखाली राहिलेल्या आणि नंतर मध्यप्रांताला जोडल्या गेलेल्या ह्या प्रदेशात फारसी 'दोस्त' आणि 'यार' कधीचेच घरचे झाले आहेत. संस्कृत 'मित्र' बोलीच्या तोंडी स्वरभक्तीने 'मैतर' झाला. 'मैत्रीण' ही 'ण'चा 'न' होऊन 'मैतरीन' झाली. एवढी सामग्री हाताशी असता परका शब्द स्वीकारला गेला, त्याअर्थी कोठे तरी एक रिकामी जागा असली पाहिजे.

ती जागा स्त्रीपुरुषांतील मैत्रीची आहे. पुरुषाने पुरुषाला 'यार' म्हटले तर तो जिव्हाळा. तोच शब्द स्त्रीच्या नावाला षष्ठीने जोडला की तो कलंक. 'सखा' हा एक तर देवाला किंवा प्रियकराला. पुरुषाने 'माझी मैत्रीण' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते, आणि स्त्रीने 'माझा मित्र' म्हटले की ती शंका दुप्पट होते. अकोल्याच्या एखाद्या मुलीने वर्गातील मुलाची घरी ओळख करून देताना 'हा माझा फ्रेंड' म्हणावे, ह्यात इंग्रजीचा सोस नाही. मातृभाषेतील शब्दावर समाजाने आधीच जो ठपका ठेवला आहे तो चुकविण्याची ती युक्ती आहे. परक्या शब्दाला गावात नातेवाईक नसतात, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. तथापि ही सवलत तात्पुरती असते. 'बॉयफ्रेंड' व 'गर्लफ्रेंड' हे शब्द पाठोपाठ आले, आणि 'फ्रेंड' ह्या शब्दाभोवतीही तीच शंका जमू लागली. म्हणून आता 'फक्त फ्रेंड', 'बेस्ट फ्रेंड' अशी विशेषणे लावावी लागतात. ब्रेआल ह्या फ्रेंच पंडिताने १८९७ साली आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात शब्दांचा अपकर्ष हा मानवी संकोचातून, झाकण्याच्या इच्छेतून होतो असे सूत्र मांडले होते. झाकणासाठी घेतलेला शब्द अखेर झाकलेल्या वस्तूचाच वाचक होतो. वऱ्हाडातील 'फ्रेंड' हे त्या सूत्राचे चालते-बोलते उदाहरण आहे.

ही कोंडी मराठी नाटककाराने फार पूर्वी ओळखली होती. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या नाटकाचे शीर्षक व्याकरणदृष्ट्या द्व्यर्थी आहे. नायिकेचे नाव सुमित्रा, संक्षेपाने मित्रा. तिचे सामान्यरूप 'मित्रा'च राहते. पुल्लिंगी 'मित्र' ह्या नामाचे सामान्यरूपही 'मित्रा' असेच होते. म्हणून 'मित्राची' हे पद 'मित्रा नावाच्या स्त्रीची' आणि 'एका मित्राची' असे दोन्ही अर्थ एकाच वेळी धारण करते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची कथा आणि तिच्याशी निखळ मैत्री निभावू पाहणाऱ्या बापूची कथा ह्या दोन्ही त्या एका विभक्तिरूपात सामावतात. ज्या भाषेत ह्या दोन्ही नात्यांना निर्वेध शब्द नव्हता, त्या भाषेच्या व्याकरणानेच तेथे आसरा दिला. इंग्रजीत विशेषनाम आणि सामान्यनाम असे एकरूप होत नसल्यामुळे भाषांतराच्या शीर्षकात त्यांतील एकच अर्थ उतरू शकतो.

५

शब्दकोशांनी ह्या गुंतागुंतीला कितपत न्याय दिला आहे? मोल्सवर्थच्या कोशापासून (१८३१) दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत मराठी कोशकारांचे श्रम थोर आहेत. परंतु त्यांची पद्धती अर्थांना क्रमांक देण्याची आहे. क्रमांक हा कालक्रम नव्हे, आणि नातेसंबंधही नव्हे. निर्देश आणि संबोधन ह्यांतील भेद अशा मांडणीत हरवतो. वऱ्हाडीत तर हा भेदच कळीचा आहे. तेथे मित्राचा निर्देश 'दोस्त' वा 'मैतर' म्हणून होतो. पण हाक मारताना 'भाऊ', 'गड्या', आणि चार जण बसले असतील तर 'राजेहो' असे म्हणतात. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) ह्या कादंबरीसारख्या कृतींतील वऱ्हाडी संवाद वाचताना हे ध्यानी न ठेवल्यास नात्याचे शब्द केवळ प्रादेशिक रंग म्हणून वाचले जातात. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडीचे नमुने नोंदविले. कोण कोणाला काय म्हणतो हे नोंदविणे ही पुढची पायरी आहे.

संबोधनाचे हे बळ परक्या शब्दालाही कसे वाकविते ह्याचे एक उदाहरण अमरावतीनेच दिले आहे. १९८९ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले. समाजवाद्यांनी ज्याप्रमाणे 'साथी' त्याप्रमाणे साम्यवाद्यांनी 'कॉम्रेड' हे उपपद रूढ केले होते. ते समानतेचे, वय व नाते न मानणारे. परंतु जिल्ह्याने त्यांना 'सुदामकाका' म्हटले. 'कॉम्रेड सुदामकाका' ह्या एका नामात एका खोलीत राहणारा स्पॅनिश सोबती, कृष्णाचा बालमित्र आणि वऱ्हाडी घरातील चुलता हे तिघे शेजारी नांदतात. परका शब्द आला, पण नात्याच्या शब्दाने जागा सोडली नाही. बोलीने दोन्ही ठेवून घेतले.

६

ह्या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष असा की, सोबतवाचक शब्दांचा अर्थपालट ही बाहेरून आलेली रोगराई नव्हे. वाटून खाल्लेल्या भाकरीतून, डावातून, एकत्र राबण्यातून हे शब्द जन्मतात. आणि मजुरी, विवाह, पक्ष, शासन ह्यांनी सोबतीचे रूप पालटले की ते नव्या कामाला लागतात. इंग्रजीतही हेच झाले, मराठीतही हेच झाले. 'फ्रेंड' ह्या शब्दावर रोष धरणाऱ्यांनी तो रोष 'मैत्रीण' ह्या शब्दावर ठपका ठेवणाऱ्या रीतीकडे वळविला, तर तो अधिक योग्य ठिकाणी पडेल. ज्या दिवशी अकोल्यातील मुलगी ओसरीवर बसलेल्या वडिलांना 'हा माझा मित्र' असे निःशंकपणे सांगेल, त्या दिवशी 'फ्रेंड' ह्या शब्दाचे येथील काम संपलेले असेल. तोपर्यंत भाषाभ्यासकाचे काम त्याला हाकलून देण्याचे नसून, तो कोणाच्या ऐवजी उभा आहे हे नोंदवून ठेवण्याचे आहे.