बारभाईंचं ड्रॉइंग

ओवे गावाच्या शिवारात खारघरचे टॉवर उभे राहिले, ते आपण सगळे रोज बघतो. आज त्यांच्या दिसण्याबद्दल आपण बोलणार नाही. एकच विचारू: अकराव्या मजल्यावर एसी दुरुस्त करणारा पोरगा उभा कुठे राहतो? छज्ज्यावर. आणि छज्जा काढलेला असतो पावसासाठी. तो पडला की म्हणायचं, "बेल्ट लावला नव्हता." म्हणजे दोष त्याचाच! आमच्या मते हा अपघात ड्रॉइंगवरच सुरू झालेला असतो.

ब्रिटनने २०१५च्या नियमांत यासाठी एक जबाबदारी नेमली: प्रिन्सिपल डिझायनर. एकाहून जास्त ठेकेदार असले की मालकाने त्याची लेखी नेमणूक करायची. सगळ्यांची ड्रॉइंगं एकमेकांवर ठेवून तो धोका शोधतो, जमेल तेवढा आराखड्यातूनच काढतो आणि उरलेला ठेकेदाराला सांगतो. समजा, आर्किटेक्टने डक्टला दार दाखवलंय आणि आरसीसीवाल्याचा बीम नेमका तिथेच आलाय. दोघांचीही ड्रॉइंगं आपापल्या जागी बरोबर. प्लंबर मात्र पाइपला धरून उतरणार.

आपल्याकडे नियमच नाही, असं नाही हं. २०२५पर्यंत लागू असलेला १९९६चा बांधकाम कामगार कायदा आणि त्याखालचे १९९८चे केंद्रीय नियम सांगत आले, की आखणीच्या वेळीच मजुराच्या सुरक्षेचा विचार करा, टाळता येणारा धोका ठेवू नका, देखभालीकडेही बघा. छान लिहिलंय. पण कर्तव्य कुणाचं? वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता किंवा डिझायनर. सगळ्यांना जोडणारा एक माणूस कुठेच नाही. बारभाईंचा कारभार.

जवळच बेलापूरला चार्ल्स कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, १९८०च्या दशकातलं. मूळ घरं ठेंगणी, भिंती स्वतंत्र. कुटुंबाने गवंडी लावून ती वाढवावीत, ही कल्पना. मजुराच्या सुरक्षेसाठी ती आखली, असा आमचा दावा नाही. पण उद्या या घराला हात कोण लावणार, याचा विचार कागदावर झाला होता. रंगाऱ्याला तिथे शिडी पुरायची.

टॉवर नकोत, असं आम्ही म्हणत नाही. माणसं जास्त, जमीन कमी. बिल्डर म्हणतील, आणखी एकाची फी कशाला? डक्टमध्ये उभं राहायला जाळी, खिडकीबाहेर बेल्ट अडकवायला कडी, हे स्लॅब पडायच्या आधी स्वस्तात होतं. नंतर तीच कडी बसवायची, तर त्यासाठीही कुणाला तरी दोराला लटकावंच लागतं.