बेणारेबाईंची आई

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर इतके लिहिले गेले आहे की आणखी भर कशाला, असे वाचक विचारतील. आम्हांस बोलावयाचे आहे ते रंगमंचावर कधीच न येणाऱ्या एका पात्राविषयी. ते पात्र म्हणजे लीला बेणारे हिची आई.

१९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक सादर केले, सुलभा देशपांडे बेणारे झाल्या. अविवाहित, गर्भवती शिक्षिकेवर खेळाखेळात भरलेला खटला सर्वांस ठाऊक आहे. परंतु या बाईची पहिली जखम कोवळ्या वयातील आहे. सख्ख्या मामाने प्रेमाच्या नावाखाली तिला जवळ केले, लग्नाची गोष्ट निघताच पळ काढला, आणि आईही विरोधात गेली. पोर कठड्यावरून उडी घेते. त्या वेळी आईच्या मनात काय झाले, याविषयी नाटक अक्षरही बोलत नाही.

उलट आईबापांच्या जागी तेंडुलकरांनी बसवले आहे ते काशीकर दांपत्याला, ज्यांना मूलबाळ नाही. ही योजना आम्हांस नाटकातील सर्वांत बोचरी वाटते. ज्यांना मुलगी नाही तेच मुलीची अब्रू मोजतात, आणि भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेवर आणून संपवतात! पण समाजाचे क्रौर्य असे ठसठशीत उमटताना घरातील भय मात्र निसटले. एकीकडे पाठचा वा पुढचा भाऊ, दुसरीकडे पोटची मुलगी. त्या आईची भीती समजून घेणे म्हणजे तिला निर्दोष ठरवणे नव्हे.

हे न्यून एकट्या तेंडुलकरांचे नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याने पेटून. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल तिला प्रथम फाशी सुनावली गेली होती. ताराबाईंनी पुरुषांना, आणि कोवळ्या मुली म्हाताऱ्यांना देणाऱ्या बापांनाही, धारेवर धरले. (त्यांचे स्वतःचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आम्हां कचेरीतल्या माणसांना याचे थोडे अप्रूप.) परंतु विजयालक्ष्मीच्या घरच्यांच्या मनात शिरण्याची उसंत त्या संतापाला नव्हती.

आपल्या गोटमारीची दंतकथाही तशीच. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला आणि जाम नदीत दोघांवर दगड आले, एवढे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. मुलीच्या आईने दगड उचलला की तोंडाला पदर लावला, हे कोणी सांगत नाही.

आम्ही नोकरीत पाहिलेल्या कागदांतही ‘पालकांची सही अगर अंगठा’ एवढीच जागा असे. २०१२च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील गर्भवती मुलीची खबर पोलिसांस देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संमतीच्या संबंधांतून दिवस गेलेली अशी मुलगी गर्भपातासाठी आली असता, तिने व पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव न कळवण्याची मुभा दिली. ती विनंती करण्यापूर्वी सौंसरच्या एखाद्या दवाखान्यातील बाकावर आईबाप एकमेकांशी काय बोलले असतील, ते ऐकवणारे मराठी नाटक आम्हांस अद्याप भेटलेले नाही.