चूक कोणाची: विद्यार्थ्याची की एरर मेसेजची?

प्रोग्रॅम रन केला, एरर आला आणि तो धड न वाचताच तुम्ही कोड बदलत सुटलात. झालंय ना असं? गियोम मार्सो, कॅथी फिस्लर आणि ब्राऊन विद्यापीठाचे प्रा. श्रीराम कृष्णमूर्ती यांनी २०११ मध्ये हेच तपासलं: मेसेज दिसल्यावर विद्यार्थी कोडमध्ये नेमकं काय बदलतात?

साधन होतं डॉ. रॅकेट. ते नवशिक्यांसाठीच बनवलेलं, मेसेजही विचार करून लिहिलेले. तरी अमेरिकेतली कॉलेजची मुलं अडली, कारण मेसेजमधले 'एक्स्प्रेशन', 'फंक्शन बॉडी' असे शब्दच त्यांना पक्के नव्हते. आपल्याच घरातल्या साधनातली खोट दाखवायला धाडस लागतं. ते इथे आहे.

त्यांचा उपाय असा: शब्द मोजके ठेवा आणि मेसेजमधला शब्द व कोडमधला तुकडा एकाच रंगात दाखवा. माझा आक्षेप इथेच आहे. रंग जागा दाखवतो, अर्थ नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'अर्ग्युमेंट' म्हणजे आधी भांडणच वाटतं! त्याला सोबत छोटं उदाहरणही हवं.

तेव्हा ज्युनिअरला 'एरर वाच की जरा' म्हणण्याआधी बघा, त्यातले किती शब्द आपण त्याला शिकवलेत?