‘झुंड’ : ऐकून घेणाऱ्याची गोष्ट

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती व्यावसायिक हिंदी चित्रपटाच्या पडद्यावर एवढ्या थाटाने क्वचितच अवतरली असेल. तेव्हा आपल्या समाजाला झालेला आनंद स्वाभाविकच होता. परंतु त्या आनंदात या कलाकृतीचा गाभा काहीसा दुर्लक्षित राहिला, असे म्हणावे लागते. हा चित्रपट फुटबॉलचा आहे, तसाच जातीच्या भिंतीचाही आहे. मात्र त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. वाट चुकलेल्या किशोरवयीन मुलाचे मन ऐकून घ्यावयाचे कोणी, आणि ते ऐकले गेले म्हणजे त्या मुलात काय घडते, हा तो प्रश्न होय.

धरमपेठेत राहणाऱ्या वाचकाला हा प्रश्न विशेष बोचावा. शंकरनगर चौकातून गोकुळपेठेच्या बाजाराकडे पायी निघाले तर शिकवणी वर्गांच्या पाट्या मोजता मोजता थकावयास होते. त्यांच्या जोडीला अलीकडे समुपदेशकांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या पाट्याही दिसू लागल्या आहेत. मुलाला झोप येत नाही, मुलगी जेवत नाही, चाचणीत गुण घसरले, अशा कारणांसाठी येथील पालक वेळ ठरवून आणि शुल्क भरून तज्ज्ञाकडे जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. येथून फार तर चारेक किलोमीटरांवर गड्डीगोदाम आहे. तेथील मुलाला झोप आली नाही तर तो रात्री रस्त्यावर असतो, आणि त्याची विचारपूस करावयास येतो तो पोलीस. नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. पण वस्तीत त्याचे नाव आजही ‘पागलखाना’ हेच. ज्या दुःखाला हा एकच शब्द उपलब्ध आहे, ते दुःख कोण बोलून दाखवील?

चित्रपटामागील हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलचे कार्य उभे राहिले. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते देशभर पसरले व २०१६ साली त्याला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार लाभला. पडद्यावरील विजय बोराडे (अमिताभ बच्चन) मुलांना अर्धा तास खेळण्याचे पाचशे रुपये देतात. काही दिवसांनी ते पैसे देणे थांबवितात. मुले घुटमळतात, आणि मग फुकट खेळावयास तयार होतात. या प्रसंगावर चित्रपटगृहात हशा पिकतो. वास्तविक उपचाराची सुरुवात येथूनच होते. ज्याच्याकडून आजवर कोणी काही मागितलेच नाही, त्याला ‘तू हवा आहेस’ एवढेच प्रथम कळावे लागते.

त्यानंतरचा प्रसंग मला चित्रपटाचे हृदय वाटतो. मुले सरांच्या घरी जमतात आणि एकेक करून स्वतःविषयी बोलतात. सर उपदेश करीत नाहीत, उत्तरे देत नाहीत. घरची माणसे ऐकतात. व्यसन, चोरी, मारामारी यांच्या आड दडलेली माणसे त्या घरात प्रथमच स्वतःला शब्द देतात. मानसशास्त्राच्या पुस्तकात यास समूहोपचार म्हणतील. मंजुळ्यांनी तो शब्द टाळला आहे आणि तेच योग्य केले. कारण त्या मुलांपाशी तो नाही, अनुभव मात्र आहे.

येथे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) या मराठी चित्रपटाची आठवण होते. तेथेही ‘फ’ तुकडीची हिणवलेली मुले आहेत, अपमानाच्या भरात त्यांनी प्रयोगशाळेची केलेली मोडतोड आहे आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे देशमुख सर (अतुल कुलकर्णी) आहेत. मुले कष्ट करून नुकसान भरून देतात. चित्रपट प्रामाणिक आहे, तरीही तो मुख्यतः शाळेच्या अंगणातच राहतो. तुकडी ‘फ’ का आणि ‘अ’ का, याचे मूळ गावकुसापर्यंत नेण्याचे धाडस त्यात कमी पडते. मंजुळ्यांच्या ‘फॅन्ड्री’त ते मूळच उघडे पडलेले आहे. जब्या शाळासोबत्यांच्या नजरेपासून लपतो, आणि तरीही त्याला सर्वांदेखत डुक्कर धरावे लागते. त्याचे मन जाणणारा मोठा माणूस म्हणजे एक चंक्या. पण तोही त्याच्या हाती काळ्या चिमणीच्या राखेचा तोडगाच देतो. ज्या समाजात किशोराला ऐकणारा नसतो, तेथे तोडगा आणि गंडा ती जागा भरून काढतात. या दृष्टीने ‘फॅन्ड्री’ अद्याप पुरेसा वाचला गेलेला नाही.

आपल्या परंपरेत ऐकून घेण्याची दृष्टान्तकथा शोधू गेल्यास ती मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात सापडते. सायंकाळी तथागत स्वतः उठून राहुलाकडे जातात. राहुलाला बोलावणे धाडीत नाहीत. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेल्या थोड्याशा पाण्यावरून ते संभाषणास आरंभ करतात. पुढे आरशाची उपमा येते. कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर स्वतःकडे पाहावे. चुकल्यास शास्त्यापाशी वा सुज्ञ सहचाऱ्यापाशी ते मोकळे करावे, असा तो उपदेश आहे. भीती न घालता मुलाशी कसे बोलावे, याचा याहून नेटका पाठ मला माहीत नाही.

तथापि या सुत्ताचा आधार घेऊन कोणी ‘मुलांनो, आत पाहा, दोष आपल्यातच असतो’ असे सांगू लागल्यास त्याला अडवावे लागेल. जब्याच्या हाती आरसा दिला तर त्यात त्याला काय दिसेल? त्याची लाज त्याने निर्माण केलेली नाही. दुःखाचा उगम केवळ व्यक्तीच्या अंतरंगात शोधणारी मांडणी बाबासाहेबांना मान्य नव्हती. ‘दि बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी त्यांनी शंका उपस्थित केली, ती याच अंगाने पाहिली पाहिजे. रोहित वेमुला (जानेवारी २०१६) आणि डॉ. पायल तडवी (मे २०१९) यांच्या मृत्यूंनंतर ‘मन कमकुवत होते’ असे म्हणणारे कमी नव्हते. समुपदेशकाने जात विचारलीच नाही, तर तो दुखण्याच्या अर्ध्या भागावरच उपचार करीत असतो. ‘झुंड’मध्ये महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत सतत दिसत राहते, ती यासाठीच महत्त्वाची आहे.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव सर्वांनी दाखविली आहे. एक थोर पुरुष येतो आणि मुलांचा उद्धार करतो, हा साचा मंजुळ्यांनाही मोडता आला नाही. महानायकाची छाया फार लांब पडते. प्रत्यक्षातील कार्यात बारसे यांचे कुटुंब आणि अनेक कार्यकर्ते राबत आले, हे पडद्यावर विरळ होते. माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलगा बदलला की घर बदलते काय? या मुलांच्या आईबापांना चित्रपटात फारसा शब्द मिळत नाही. अपवाद मोनिकाचा (रिंकू राजगुरू). पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा हवा, म्हणून हिचा आदिवासी बाप तिच्यासोबत एकेका दाराशी जाऊन उभा राहतो. तो तिला धीराचे शब्द सांगत बसत नाही, नुसता बरोबर असतो. कुटुंबाचा आधार म्हणजे काय, हे चित्रपटात या एका उपकथेइतके कोठेही स्पष्ट झालेले नाही.

कुटुंबाचे दुःखही ऐकावयाचे असते, हे विनयपिटकाला ठाऊक होते. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाने आपली व्यथा तथागतांपुढे मांडली, आणि यापुढे मातापित्यांच्या अनुमतीवाचून पुत्राला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. आजोबाचे रडगाणे म्हणून ती व्यथा बाजूला सारली गेली नाही.

हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला तो धरमपेठेतील एका परिचित बौद्ध कुटुंबात. वडील अधिकारी, त्यांच्या घराण्यातील पहिले पदवीधर. चित्रपट संपल्यावर डॉनवर, मंजुळ्यांवर, चळवळीवर तासभर चर्चा रंगली. दहावीत शिकणारा मुलगा कोपऱ्यात बसून होता. त्याला कोणीही, मीसुद्धा, काही विचारले नाही. निघताना मला जिन्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा हसत म्हणाला, “काका, त्यांना खेळायचे पैसे भेटले. आमचे तर क्लासचे भरा लागते.” मीही हसलो आणि खाली उतरलो. घरी पोचेपर्यंत ते हसू टिकले नाही.

पहिल्या पिढीने जे कमावले ते दुसरीने गमावू नये, ही आपल्या घरांतील धास्ती खरी आहे. आरक्षणावरील टोमणे झेलत शिकलेला बाप मुलाला ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारतो, तेव्हा तो क्रूर नसतो. त्याला स्वतःला कधी कोणी काही विचारलेले नसते, इतकेच. चळवळीने आम्हाला सभेत बोलावयास शिकविले. घरात बोलावयाचे राहून गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, १०० वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. शिकवणी वर्गही त्यात आले. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर वर्षावासाच्या कार्यक्रमाशेजारी लिहिला गेल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

चित्रपटाच्या अखेरीस विमानतळावरील तपासणीत डॉनला खिशातले पाते टाकून द्यावे लागते. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. दुसऱ्या वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पाते टाकण्यापूर्वी तो क्षणभर थबकतो. इतकी वर्षे तेच त्याच्या सोबतीला होते.