अठरा तास आणि वेळापत्रक

आपल्याकडे उच्च शिक्षणाची चर्चा प्रवेशापाशी सुरू होते आणि बहुधा प्रवेशापाशीच संपते. राखीव जागा भरल्या का, शिष्यवृत्ती आली का, वसतिगृहात खोली मिळाली का, हे प्रश्न मोलाचे आहेतच. त्यांच्यासाठी चळवळीने रक्त आटवले आहे. परंतु प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थ्याचा आठवडा कसा जातो, याची समीक्षा आपण फारशी केलेली नाही. सूचनाफलकावर चिकटवलेले वेळापत्रक हा निरुपद्रवी कागद समजला जातो. वस्तुतः तो एक सामाजिक दस्तऐवज आहे. त्यात कोणता विद्यार्थी गृहीत धरला आहे, हे तपासले पाहिजे.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक पद्धती आली. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक, म्हणजे एका सत्राला २२. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात १५ तास. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. ज्याचे सगळे विषय व्याख्यानाचे आहेत तो विद्यार्थी आठवड्याला २२ तास वर्गात बसेल. विज्ञानाच्या एखाद्या विद्यार्थ्याचे २२ पैकी ८ श्रेयांक प्रात्यक्षिकांचे असतील, तर त्याचे १४ आणि १६ मिळून ३० तास होतील. दोघांच्या गुणपत्रिकेवर श्रेयांक सारखेच, आठवडे मात्र वेगळे.

हिशेब इथेच थांबत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम धरले आहे. वर्ग, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, परीक्षेची तयारी, सारे त्यात आले. युरोपातील विद्यापीठांची श्रेयांक पद्धतीही एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम मोजते. या मापाने २२ श्रेयांकांचे ६६० तास झाले. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्याचे निम्मे काम वेळापत्रकात दिसतच नाही. ते उरलेले २२ तास त्याने कोठून आणायचे, याबद्दल वेळापत्रक काही बोलत नाही. ते त्याच्यापाशी असतीलच असे गृहीत धरले आहे.

हे गृहीतक कोणाच्या घरात खरे ठरते? ज्या घरात अभ्यासाची खोली आहे, पोराने कमावून आणावे अशी कोणाची अपेक्षा नाही, तिथे. तिथे दोन व्याख्यानांमधला मोकळा वेळ ग्रंथालयात जातो किंवा कट्ट्यावर जातो, आणि दोन्ही परवडते. जो सकाळी वर्गाला बसून दुपारी दुकानात काम करतो, जो एस.टी.च्या पासवर गावाहून येतो आणि ज्याची परतीची शेवटची गाडी संध्याकाळी सुटते, त्याला पहिला तास साडेसातला आणि पुढचा साडेबाराला म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे नुकसान. जी मुलगी पाणी भरून, भाकऱ्या थापून निघते आणि परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते, तिच्या दिवसात स्वाध्यायाचे तास रात्री अकरानंतर सुरू होतात. सत्राच्या अखेरीस सगळ्या विभागांच्या चाचण्या, स्वाध्याय आणि प्रकल्प एकाच पंधरवड्यात येऊन पडतात. ज्याचा वेळ मोकळा आहे तो हा भार आधीच पसरून घेतो. ज्याचा वेळ विकलेला आहे त्याला ते जमत नाही. त्यावर ७५ टक्के हजेरीची अट आहे. हजेरीपटात ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. कारणाचा रकाना तिथे नसतो.

मराठी साहित्याकडेही या अंगाने पाहण्यासारखे आहे. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात वर्षे उधळू शकतो, कारण मागे घर आहे, शेती आहे, वडिलांचा पैसा आहे, नापास झाला तरी परतायला गाव आहे. त्याच्या वैफल्याची खोली नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते वैफल्य मोकळ्या वेळेच्या आधारावर उभे आहे, हे प्रस्थापित समीक्षेला फारसे जाणवले नाही. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांत शिक्षण येते ते भूक, श्रम आणि अपमान यांच्या फटीतून. या पुस्तकांची चर्चा वेदना, नकार, भाषा यांच्या अंगाने पुष्कळ झाली. वेळ कोणाच्या मालकीचा, या अंगाने ती पुन्हा वाचली पाहिजेत.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यामागची निष्ठा खरी आहे. परंतु त्याच अठरा तासांचा उपयोग दलित विद्यार्थ्याला गप्प करण्यासाठीही होतो. ‘बाबासाहेब शिकले, मग तुला काय झाले?’ असे म्हणणारे अध्यापक आहेत आणि आपलेच वडीलधारेही आहेत. त्यांनी इतिहास नीट पाहावा. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर. ती शिष्यवृत्ती संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची जिद्द त्या वर्षी कमी झाली नव्हती. पैसा संपला होता. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेली पुंजी आणि इतरांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. जिद्दीला वेळ लागतो आणि वेळेला पैसा लागतो, हे त्यांच्याइतके कोणी जाणले असेल?

म्हणूनच त्यांनी आपल्या लोकांना केवळ जिद्दीचा उपदेश केला नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवून. त्याआधी १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धतच उभी केली. या चौघांच्या कामात एक सूत्र आहे: विद्यार्थी घड्याळात बसत नसेल तर घड्याळ बदलायचे. आजचे महाविद्यालय त्यांच्या तसबिरी लावते आणि वेळापत्रक मात्र फुरसतीच्या वर्गासाठी आखते.

यावर आक्षेप येईल की अशा सवलतींनी दर्जा घसरेल. पण इथे सवलत कोण मागतो आहे? ४४ तासांचे काम ४४ तासांचेच राहू द्या. मागणी व्यवस्थेची आहे. एका दिवसाची व्याख्याने सलग ठेवा. चाचण्यांच्या तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या विभागांनी एकत्र बसून जाहीर करा. ग्रंथालय रात्री उघडे ठेवा. ‘कमवा व शिका’चे काम व्याख्यानांवर येणार नाही असे पाहा. आणि शिष्यवृत्ती वर्ष सरल्यावर देऊ नका. उशिरा आलेल्या पैशाने गेलेले सत्र परत मिळत नाही.

या मागण्यांना आधार लागेल, आणि तो आपणच तयार केला पाहिजे. आठवड्याचे तास १६८. प्रत्येक महाविद्यालयातील कार्यकर्त्यांनी आपल्या सोबत्यांकडून एका आठवड्याचा साधा तक्ता भरून घ्यावा: वर्ग किती, प्रवास किती, मजुरी किती, घरकाम किती, झोप किती, अभ्यास किती. वसतिगृहातला, गावाहून येणारा, नोकरी करणारा आणि घर सांभाळणारी, असे चार तक्ते शेजारी ठेवून प्राचार्यांपुढे मांडावेत. या कामाला निधी लागत नाही, परवानगीही लागत नाही. येत्या सत्राच्या पहिल्या महिन्यात ते सुरू करता येईल.