द्वैभाषिक घरातले पुस्तकांचे कपाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : 'सर, मुलांना वाचायला काय द्यावे?' या प्रश्नाला पुण्यामुंबईकडून तयार उत्तरे येतात. 'प्रत्येक मराठी घरात असावीत अशी पुस्तके' या मथळ्याच्या याद्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्या वाईट नसतात. परंतु यादी करणाऱ्याने एक गोष्ट मनाशी धरलेली असते, ती म्हणजे वाचणाऱ्याच्या दारासमोरही मराठीच बोलली जाते. आमच्या कतारगामात समोरच्या दारी अमरेली-भावनगरकडचे हिरे घासणारे कुटुंब असते. आपल्या घरात मराठी, पुष्कळदा अहिराणी. आणि मुलाची शाळा, खेळ, भांडण सारे गुजरातीत. बेळगाव, कारवार, बिदरकडच्या वाचकांनी इथे गुजरातीच्या जागी कन्नड वाचावे.

अशा घराला वेगळी यादी हवी. माझे मत थोडक्यात असे की, एकाच विषयावरचे दोन भाषांतले ग्रंथ कपाटात शेजारी शेजारी ठेवावेत. मग एकाचा दोष दुसरा दाखवतो. एकट्या पुस्तकाला हे साधत नाही.

प्रथम इतिहास, कारण सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलाला तो टाळता येत नाही. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० अशा दोन वेळा शिवाजी महाराजांनी हे शहर लुटले. घरी हा अभिमानाचा विषय. आणि शाळेत ज्या बाकावर मुलगा बसतो ते बाक त्याच लुटलेल्या शहरातले. आपली बहुतेक लोकप्रिय पुस्तके हा प्रसंग दोन पानांत आणि टाळ्यांच्या गजरात उरकतात. शाहिस्तेखानाने पुण्याला तळ देऊन मुलूख उजाड केला होता आणि स्वराज्याच्या खजिन्याला खळ पडली होती, हे कारण तरी ती सांगतात. पण मोगलांच्या एवढ्या श्रीमंत बंदराला धड तट का नव्हता, हे सांगत नाहीत. सुभेदार इनायतखान फौजेचा पगार घेत होता, फौज कागदावर होती. वेळ आली तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला आणि रयत उघड्यावर पडली. विटांचा तट १६६४ नंतरचा. वीरजी व्होरासारख्या सावकाराचा वाडा लुटला गेला. परंतु कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला हात लागला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

या विषयासाठी मी सरदेसायांची 'मराठी रियासत' आणि ईश्वरलाल इच्छाराम देसाई यांचे 'सुरत सोनानी मूरत' ही जोडी सुचवतो. रियासतकारांची भाषा आजच्या मुलांना जड जाते, हे मान्य. परंतु त्यांच्या नोकरीची वर्षे बडोद्यात, सयाजीरावांच्या चाकरीत गेली. गुजरातच्या भूमीवर बसून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाचा तोल त्यांच्या लिखाणात आहे. देसायांच्या पुस्तकात गावाविषयीचे प्रेम अधिक आणि चिकित्सा कमी. तरीही ज्याचे घर लुटले गेले त्याच्या बाजूने ती रात्र कशी दिसली असेल, ही कल्पना आपल्या मुलांना एकदा तरी करता आली पाहिजे. महाराजांचे मोठेपण त्याने कमी होत नाही.

सुरतेचा मराठीशी संबंध म्हणजे लूट, एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी अ. का. प्रियोळकरांनी संपादिलेले दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र (१९४७) अवश्य मिळवावे. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकाचे पुस्तक हेच. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा १८४० नंतरची काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीस होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मेहता या गुजराती मास्तरांशी पडली आणि १८४४ साली दोघांनी मित्रांसह 'मानवधर्म सभा' काढली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम (हे कवी नव्हेत) आणि दामोदरदास अशी ही 'द'कारांची पंचकडी. मांत्रिकांना जाहीर आव्हाने द्यावीत, जातिभेदावर आणि विधवांच्या हालांवर बोलावे, हा सभेचा उद्योग. मुंबईची परमहंस मंडळी १८४९ ची, म्हणजे तिच्या पाच वर्षे आधी हे सुरतेत घडले. पुढे दादोबा मुंबईस गेले, दुर्गाराम राजकोटला, आणि सभा विझली. आपले प्रबोधनाचे इतिहास या सभेला एक वाक्य देतात. गुजराती इतिहास दादोबांना अर्धे देतात. महिपतराम रूपराम यांनी लिहिलेले दुर्गारामांचे गुजराती चरित्र (१८७९) शेजारी ठेवले तर दोन मास्तरांची मैत्री पुरी दिसते.

राजकारणावरची पुस्तके वाचताना मला नेहमी एका शब्दाची गंमत वाटते. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळातल्या मुंबई राज्याला 'द्वैभाषिक' म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. आपली घरे मात्र आजही द्वैभाषिकच आहेत! लालजी पेंडशांचे 'महाराष्ट्राचे महामंथन' (१९६५) हा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आधारग्रंथ, तो वाचावाच. परंतु आपल्याकडच्या एकूण साहित्यातून मुलाचा असा समज होतो की हा लढा गुजरात्यांशी होता. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेतही याच द्वैभाषिकाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले आणि गोळीबारात मेले, हे त्याला कोणी सांगत नाही. महागुजरात आंदोलनाचे नेते इंदुलाल याज्ञिक यांची अनेक भागांतली 'आत्मकथा' त्यासाठी हवी. ज्या राज्याविरुद्ध आपण लढलो त्याच्याविरुद्ध तेही लढत होते. डांगच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लेखक वकिली करतात. तिथे कोणाचाच शब्द अखेरचा धरू नये.

कथा-कादंबरीकडे वळताना आमच्याच पेशातल्या एका गृहस्थाचे नाव घेतो. सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक नंदशंकर मेहता यांनी १८६६ मध्ये 'करण घेलो' लिहिली. गुजरातीतली ही पहिली स्वतंत्र कादंबरी. पाच वर्षांनी गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. दोन्ही कलाकृती म्हणून कच्च्या. वर्णने लांबलचक, उपदेश फार. परंतु शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मराठी कादंबरीकार शिवकालाकडे, म्हणजे उदयाकडे वळला. गुजराती कादंबरीकाराने स्वतःच्या अपराधाने राज्य घालवून बसलेला शेवटचा वाघेला राजा निवडला. विजयाचीच गोष्ट सांगण्याची सवय आपल्या ऐतिहासिक कादंबरीला इतकी जडली की पुढे शंभर वर्षे तिचा नायक चुकेनासा झाला. मुलांच्या हाती या कादंबऱ्या देताना एवढे सांगायला हवे.

दुष्काळावरची जोडी मात्र निखळ आनंदाची. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई' (१९४७). दुसरीत संवत १९५६ चा 'छप्पनियो' दुष्काळ आहे. तोच आपल्याकडेही पडला होता. पन्नालाल गावच्या भांडणांत रमतात, भावनेला सढळ हात देतात. माडगूळकर बोलता बोलता थांबतात आणि गाव रिकामे होताना दाखवतात. माझा कौल माडगूळकरांना, पण भुकेच्या प्रकरणांत पन्नालालांची बरोबरी करणारे आपल्याकडे मला फारसे आढळले नाही. ज्यांच्या घरचे पुरुष यंत्रमागावर आहेत त्यांनी दया पवारांच्या 'बलुतं'सोबत जोसेफ मॅकवान यांची 'आंगळियात' (१९८६) वाचावी; विणकर समाजाची कादंबरी आहे.

खानदेशी घरांनी बहिणाबाई चौधरींना आधी स्थान द्यावे. त्यांची लेवा बोली आणि आपली अहिराणी एक नव्हे, पण शहरात आल्यावर घरची बोली लपवणाऱ्या मुलांना ती छापलेली पाहून धीर येतो. आपला 'शे' आणि गुजरातीचा 'छे' भाऊबंद आहेत, हेही त्यांना सांगावे. (भाऊबंद फसवतातही. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामटेकडा. सासरी जपून बोलावे!)

शेवटी काका कालेलकर. जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. वाढले कारवार, शहापूर-बेळगाव या मुलखात. आणि त्या बालपणाची 'स्मरणयात्रा' लिहिली ती गुजरातीत. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले आणि गुजरातीच्या शुद्धलेखनाचा जोडणीकोश करण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले त्यांत या मराठी माणसालाही घेतले. बेळगावच्या वाचकाला आपल्या गल्लीचे जुने वर्णन हवे असेल तर या गुजराती पुस्तकाकडे यावे लागते. लिपीची भीती बाळगू नये. शिरोरेखा काढली आणि दहा-बारा अक्षरांची वळणे लक्षात ठेवली की आठवड्यात गुजराती वाचता येते. मुलांना ती येतेच, आईवडिलांनी त्यांच्याकडून शिकून घ्यावी.