गुणवत्ता आणि निवेदकाचा अधिकार

मराठीतील 'गुण' हा शब्द दोन कामे करतो. एका अर्थाने तो माणसाच्या अंगी असलेल्या चांगुलपणाचा वाचक आहे, तर दुसऱ्या अर्थाने परीक्षेत मिळालेल्या अंकांचा. 'गुणवान' मुलगा आणि 'गुणवत्ता यादी'तला मुलगा ही वस्तुतः दोन भिन्न वर्णने होत. परंतु कित्येक वर्षे शालान्त परीक्षेचे निकाल छायाचित्रांसह वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत राहिले आणि त्या वर्णनांमधील अंतर बोलणाऱ्याच्या लक्षातही येईनासे झाले. ती यादी आता प्रसिद्ध होत नाही; तिने शब्दाला दिलेला अर्थ मात्र उरला आहे. याच भाषेत मंद विद्यार्थ्याला 'ढ' म्हणतात. ब्राह्मीपासून या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न बदलणारा तो 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, एका मुलाला सबंध वर्णमालेतून वेगळे काढून एका अक्षरात कोंडण्याची ही सोय भाषेने केली आहे, हे खरे.

याउलट जुन्या बोलीला शहाणपणाविषयी एवढा आदर दिसत नाही. 'दीडशहाणा' ही शिवी आहे आणि अतिशहाण्याचा बैल रिकामाच राहतो. पेशवाईतील 'साडेतीन शहाण्यां'च्या हिशेबात सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे ठरले, आणि नाना फडणवीस, तलवारीचा माणूस नसल्यामुळे, अर्धा. या गणितात बुद्धी ही एकटी मोजली जात नव्हती, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

समाज बुद्धीला वाजवीपेक्षा अधिक मूल्य देतो काय, हा प्रश्न सामान्यतः समाजशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या स्वाधीन केला जातो. साहित्यविचाराच्या दृष्टीने पाहता त्याला एक वेगळी बाजू आहे. कथनाला निवेदक लागतो. निवेदकाला निवड करता यावी लागते, कार्यकारणाचा धागा धरता यावा लागतो आणि वाचकापेक्षा एक पाऊल पुढे राहता यावे लागते. म्हणजे निवेदनाच्या अधिकारात बुद्धीचा अधिकार आधीपासूनच मिसळलेला असतो. असे असेल, तर बुद्धीच्या प्रतिष्ठेवर आघात करू पाहणारी साहित्यकृती तो आघात कोणाच्या तोंडून करते? पुढील विवेचनाचा विषय हा प्रश्न आहे.

मायकेल यंग यांचे 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. यंग हे समाजशास्त्रज्ञ. ब्रिटिश मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा लिहिण्यात त्यांचा प्रमुख हात होता. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेने मुलांची वाटणी कशी होते, हे ते पाहत होते. त्यांचे पुस्तक शास्त्रीय प्रबंधाचे सोंग घेते. त्याचा निवेदक २०३३ सालचा एक समाजशास्त्रज्ञ आहे. बुद्ध्यांक आणि परिश्रम यांची बेरीज म्हणजे गुणवत्ता, हे सूत्र त्याला पूर्णतः मान्य आहे. जन्माने मिळणारे अधिकार संपले आणि योग्य ते वर आले, या इतिहासाचा तो समाधानी भाष्यकार आहे. पूर्वीच्या गरिबाला निदान 'आपल्याला संधी मिळाली नाही' असे म्हणून मान वर ठेवता येत होती. आता वारंवार तपासणी झालेल्या माणसाला आपण खालचेच आहोत हे कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही, हेही तो सांगतो. त्याच्या आवाजात यावर खेद नसतो, फक्त प्रशासकीय काळजी असते. शेवटी प्रकाशकाची तळटीप येते: २०३४ साली पीटरलू येथे झालेल्या दंगलीत लेखक मारला गेल्याने त्याला मुद्रिते तपासता आली नाहीत.

या पुस्तकाचे पुढे जे झाले, ते वक्रोक्तीच्या कोणत्याही सिद्धान्ताने लक्षात घ्यावे असे आहे. यंग यांनी उपहासासाठी चलनात आणलेला शब्द काही दशकांत स्तुतिवाचक झाला. राज्यकर्ते आपला देश 'मेरिटॉक्रसी' व्हावा असे सांगू लागले. २००१ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, यंग यांना वृत्तपत्रात लेख लिहून टोनी ब्लेअर यांनी हा शब्द वापरू नये असे सुचवावे लागले. राजशेखराने कारयित्री प्रतिभेबरोबर भावयित्री प्रतिभेचीही गणना केली ती का, हे अशा वेळी उमगते. परंतु सर्व दोष वाचकांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. त्यातला काही भाग संहितेकडेही जातो. त्या पुस्तकात विरोधी बाजू आहे. 'चेल्सी जाहीरनामा' या नावाने ती येते आणि माणसाची पारख दयाळूपणा, धैर्य, कल्पकता, सहानुभूती अशा अनेक मोजपट्ट्यांनी व्हावी, असे मागते. पण हा जाहीरनामा आपल्यापर्यंत पोहोचतो तो निवेदकाच्या अवतरणात, त्याने खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेल्या स्वरूपात. पुस्तकातील सर्वांत मानवी विचार प्रतिपक्षाच्या कारकुनीतून वाट काढत येतो. ज्या स्त्रिया आणि कामगार तो मांडतात, त्यांना स्वतःचे एकही पान नाही. निवेदकाचा मृत्यू त्याचे भाकीत खोटे पाडतो, पण त्याची भाषा खोटी पाडत नाही. दंगलखोरांचा आवाज आपण शेवटपर्यंत ऐकत नाही. घाईच्या वाचकाच्या हाती जर केवळ ती आत्मविश्वासपूर्ण भाषा आणि ते सुटसुटीत सूत्र उरले, तर त्यात नवल ते काय?

डॅनिएल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन'मध्ये (कथा १९५९, कादंबरी १९६६) ही अडचण उलट्या बाजूने येते. बेकरीत झाडलोट करणारा चार्ली गॉर्डन, बुद्ध्यांक ६८, एका शस्त्रक्रियेनंतर १८५ पर्यंत चढतो आणि पुन्हा उतरतो. सबंध कादंबरी त्याने स्वतः लिहिलेल्या प्रगती-अहवालांची बनलेली आहे. येथे मंद माणसाला स्वतःची पाने आहेत, ही मोठीच गोष्ट. पण चार्लीची मंदता आपल्याला कळते कशावरून? त्याच्या शब्दांच्या लेखनावरून. सुरुवातीचे अहवाल चुकीच्या वर्णांनी आणि विरामचिन्हांच्या अभावाने भरलेले आहेत. बुद्धी वाढते तसतसे लेखन शुद्ध होते, आणि शेवटी पुन्हा बिघडते. वाचकाचे डोळे पाणावतात ते बव्हंशी या शुद्धलेखनाच्या ऱ्हासामुळे.

मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. ही युक्ती मराठीत निरागसपणे वापरता येईल काय? आपल्याकडे 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणाऱ्याला अशुद्ध लिहिणारा म्हणतात, आणि त्या अशुद्धतेतून त्याचा गाव, त्याची जात, क्वचित त्याची अक्कलही वाचली जाते. रंगभूमीवरील गडी-मोलकरणींच्या तोंडी बोली घालून हशा मिळवण्याची प्रथा जुनी आहे. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीवर भाषेच्या निमित्ताने जे आक्षेप आले, त्यांच्या तळाशी शुद्ध लिहिणे म्हणजे नीट विचार करता येणे हेच गृहीतक होते. कीज यांचा हेतू निःसंशय दयार्द्र आहे, परंतु त्यांचे तंत्र त्या गृहीतकावरच उभे आहे.

कादंबरीचा प्रकट विचार मात्र बुद्धीच्या वर्चस्वाविरुद्ध जातो. प्रेम देण्याघेण्याची शक्ती नसलेली बुद्धी माणसाला विनाशाकडे नेते, असे चार्ली आपल्या शास्त्रज्ञांना सुनावतो. प्रश्न असा की, हे तो केव्हा म्हणतो? बुद्धीच्या शिखरावर असताना. बेकरीतल्या चार्लीकडे स्नेह होता, पण स्नेहाचे मूल्य सांगण्याचा अधिकार लेखकाने त्याला दिला नाही. तो १८५ बुद्ध्यांकाच्या चार्लीला दिला. यंग यांच्याकडे बुद्धिविरोधी विचार शत्रूच्या अवतरणात राहतो; कीज यांच्याकडे तो बुद्धीच्याच मुखातून येतो. उपाहारगृहात बश्या फोडणाऱ्या मुलाला लोक हसतात, चार्लीही हसतो आणि मग स्वतःवर संतापतो, तो प्रसंग याला काही प्रमाणात अपवाद आहे. त्याहून मोठा अपवाद शेवटी येतो. चार्ली हुशार झाल्यावर ज्या सहकाऱ्यांनी त्याला कामावरून काढावे म्हणून अर्ज केला होता, तेच तो पुन्हा मंद होऊन परतल्यावर त्याची बाजू घेतात. या कृतीवर कोणी भाष्य करत नाही. करण्याइतकी बुद्धी आता त्या पानावर कोणापाशी उरलेली नाही. मला कादंबरीतील हा भाग सर्वांत खरा वाटतो. चार्लीच्या भाषणांपेक्षा तर निश्चितच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. बुद्धीच्या प्रतिष्ठेवर शंका घेणे ही ज्यांच्या बुद्धीवर कधीच कोणी शंका घेतली नाही त्यांची चैन आहे. ज्या समाजांना शतकानुशतके 'तुम्हांला अक्कल नाही' असे सांगून पाटीपासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी बुद्धी सिद्ध करणे म्हणजे माणूसपणाचा दावा सिद्ध करणे होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांचा अभिमान हा 'मार्कां'चा अभिमान नव्हे. हा आक्षेप मला मान्य आहे, तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड'च्या (१८८३) आरंभी अनर्थांची जी साखळी मांडतात, तिच्यात मती ही पहिली कडी नाही. पहिली कडी विद्येची. मतीचा नाश हा अविद्येचा परिणाम. म्हणजे मती ही जन्मतः कमी-अधिक मापाने वाटलेली वस्तू नसून मिळालेल्या किंवा नाकारलेल्या विद्येचे फळ आहे. बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमधील शाळांसाठी कसोटी बनवली, तीदेखील कोणत्या मुलाला अधिक मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धीला न बदलणारी राशी मानणाऱ्यांचा त्यांनी पुढे निषेधच केला. बिने यांच्या कसोटीचे कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर आपल्याकडे अजून वापरात आहे. विद्या मागणे आणि मुलांची क्रमवारी लावणे या दोन गोष्टी फुल्यांच्या साखळीत एकत्र येत नाहीत; आरक्षणाच्या वादात 'मेरिट' हा शब्द ज्या आवेशाने उच्चारला जातो, त्यात मात्र त्या बेमालूम एक होतात.

मराठी कादंबरीने परीक्षेवर सूड उगवला, तो 'कोसला'त (१९६३). पांडुरंग सांगवीकर नापास होऊन गावी परततो. पण हे अपयश वाचकाला सुसह्य होते, नव्हे हवेसे वाटते, ते सांगवीकरच्या तिरकस, चपळ निवेदनामुळे. परीक्षक हरतात, बुद्धी हरत नाही. असे असूनही मनीच्या मृत्यूच्या पानांवर हे निवेदन आपली चपळाई गमावते, आणि नेमाडे ती परत आणण्याची घाई करत नाहीत. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत आपल्या समीक्षेने केले ते याच्या नेमके उलट. १९५२ साली त्यांच्या कविता प्रथम पुस्तकरूपाने आल्या, तेव्हापासून 'निरक्षर असूनही' हे शब्द त्यांच्या नावापुढे इतके चिकटले आहेत की, त्यांतील 'असूनही' काय सांगते हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

निवेदकाच्या अधिकाराचा प्रश्न मराठीत ज्या संहितेने रूपाच्या पातळीवर हाताळला, ती माझ्या मते 'बलुतं' (१९७८). दलित स्वकथनांवर नेहमी असे म्हटले जाते की, ती शिकून बाहेर पडलेल्याची कथने आहेत. जे वस्तीत राहिले, त्यांची कथने नाहीत. हे वर्णन म्हणून खरे आहे. लिहिणारा शिकलेलाच असणार. पण दया पवारांनी ही अडचण लपवली नाही. पुस्तकात दोघे आहेत: दया पवार आणि दगडू मारुती पवार. एक नाव लेखकाचे, दुसरे शाळेच्या पटावरचे आणि वस्तीतले. हकीकत सांगतो तो दगडू. शिकलेला, नावाजलेला कवी ऐकतो. कीज यांच्याकडे वर चढलेला चार्ली खालच्या चार्लीकडे वळून पाहतो आणि त्याच्या वतीने बोलतो. येथे क्रम उलटा आहे. माणूस एकच आहे आणि लेखणी अर्थातच शिकलेल्याच्या हातात आहे, हे वाचकाला ठाऊक असते. तरीही पांढरपेशा झालेल्या दयाला दगडूसमोर संकोचून बसावे लागते, आणि त्याच्या बुद्धीला त्या बैठकीत ऐकण्यापलीकडे फारसे काम मिळत नाही. त्यामुळे आई, आजी, वस्तीतल्या बाया आणि गडी पुस्तकात येतात, ते एका हुशार मुलाच्या प्रगतीचे टप्पे म्हणून येत नाहीत. त्यांतली कितीतरी माणसे कोठेच पोहोचत नाहीत, आणि दगडू त्यांना तेथेच, त्यांच्या नावानिशी, बोलत ठेवतो.